आईला शिकवण्याआधी तिचे हात मोकळे करा

वाचकाचे पत्र

मी बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमचे घर सोलापूरच्या पूर्व भागात आहे. वडील यंत्रमागावर बारा तासांच्या पाळीत काम करतात आणि आई घरी विड्या वळते. गेल्या श्रावणात माझ्या आजीला, म्हणजे वडिलांच्या आईला, अर्धांगवायूचा झटका आला. तिची उजवी बाजू गेली आणि बोलणे जवळजवळ थांबले. तेव्हापासून तिचे सगळे आईच करते. आत्या पुण्याहून रोज फोन करते आणि ‘आईच्या पाठीला जखमा होऊ देऊ नका’ असे बजावते. विड्या कारखान्यात द्यायला आता धाकटा भाऊ जातो, म्हणजे आईची तेवढी फेरी वाचते. तरीही रात्री दर दोन तासांनी कूस बदलायचे राहून जाते आणि आजीच्या माकडहाडापाशी कातडी लाल दिसू लागली आहे. मी आईला पुन्हा पुन्हा समजावून सांगितले, वेळापत्रक लिहून भिंतीला लावले. परवा तिने ते फाडून टाकले, आजीवर मोठ्याने ओरडली आणि मग मोरीत जाऊन रडत बसली. मला म्हणाली, ‘तुझं शिक्षण मला शिकवू नकोस.’ मॅडम, ओरेम, रॉय, मेलिस या परिचर्येच्या (नर्सिंगच्या) अभ्यासकांचे सिद्धान्त आम्ही पाठ केले आणि परीक्षेत लिहिले. माझ्या आईला त्यांचा काही उपयोग आहे का, की ते फक्त पेपरापुरतेच आहेत?

उत्तर

प्रिय विद्यार्थिनी,

सर्वांत आधी आजीच्या कातडीबद्दल लिहिते, कारण ती गोष्ट थांबणारी नाही. लाल झालेल्या जागी बोटाने हलकेच दाबून पाहा. बोट उचलल्यावरही लाली तशीच राहत असेल, किंवा ती जागा आजूबाजूपेक्षा गरम वा घट्ट लागत असेल, तर दाबामुळे इजा सुरू झाली आहे असे समज आणि एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखव. तिथे मालिश करू नका, आजीला त्या जागेवर निजवू नका आणि एअर बेड (हवा भरलेली गादी) भाड्याने मिळतो का याची चौकशी आजच कर.

आता तुझा प्रश्न. सिद्धान्तांचा उपयोग आहे, आणि तुझ्या घरात तर फार आहे. मात्र तू ते ज्या व्यक्तीला लावलेस ती निवड अपुरी आहे. तुझे मूळ पत्र मी दोनदा वाचले. त्यात आजीचा रक्तदाब, औषधे, कातडी, खाणेपिणे यांविषयी दीड पान आहे. आईविषयी मोजक्या ओळी आहेत आणि त्यांतल्या बहुतेक तिच्याकडून काय राहून जाते याच्या आहेत. ती किती वाजता जेवते, सलग किती झोपते, तिची पाठ दुखते का, श्रावणापासून तिने स्वतःचा रक्तदाब एकदा तरी तपासला आहे का, यातले काहीही पत्रात नाही. घरात आजाऱ्याची सेवा करणारी बाई ही रुग्णसेवेचे साधन नसते. परिचर्येच्या दृष्टीने तीही काळजी घेण्याजोगी दुसरी व्यक्ती असते. ज्या सिद्धान्तांचा तू उल्लेख केलास ते या दुसऱ्या व्यक्तीकडे पाहायला शिकवतात, म्हणूनच मला ते इतके मोलाचे वाटतात.

डोरोथिया ओरेम यांचे पुस्तक १९७१ साली आले. त्यातली मांडणी तुला पाठ असेल: माणसाला स्वतःची काळजी घेण्यासाठी रोज काही गोष्टी कराव्या लागतात, त्या करण्याची त्याची काही क्षमता असते, आणि गरज क्षमतेपेक्षा मोठी झाली की जी तूट पडते तिथे परिचारिकेचे काम सुरू होते. माणूस स्वतःसाठी जे करू शकत नाही ते घरातले दुसरे कोणी त्याच्यासाठी करते, याचाही विचार त्यांनी केला आहे; म्हणजे तुझी आई त्यांच्या मांडणीच्या बाहेर नाही. परीक्षेत तू आजीची तूट मांडली असतीस. मी तुला आईची तूट मांडायला सांगते, आणि तिचे दोन भाग करायला सांगते. एक भाग न कळण्याचा आणि दुसरा न जमण्याचा. या दोहोंवरचे उपाय अगदी वेगळे आहेत.

ते ओळखण्याची सोपी रीत आहे. एखादे काम आई सकाळी दहा वाजता नीट करते आणि तेच काम रात्री तीन वाजता तिच्याकडून राहते, तर तिथे ज्ञानाची उणीव नाही. कूस का बदलायची हे तिला तुझ्याइतकेच ठाऊक आहे. दिवसभर पाने कापून, विड्या वळून, आजीचे कपडे धुऊन, सगळ्यांचा स्वयंपाक करून जी बाई रात्री आडवी होते, तिला दोनला, चारला उठायला शरीर साथ देत नाही. अशा वेळी तू तिला पुन्हा माहिती दिलीस, वेळापत्रक लावलेस. म्हणजे ज्या कामात ती कमी पडते असे तिला आधीच टोचत होते, ते तू भिंतीवर लिहून ठेवलेस. ओरेम यांनी परिचारिकेच्या मदतीचे तीन प्रकार सांगितले आहेत: सगळे आपण करणे, काही आपण आणि काही त्या माणसाने करणे, आणि त्याला आधार व शिक्षण देऊन त्याच्याकडून करवून घेणे. तू तिसरा प्रकार वापरलास. आईला दुसऱ्या प्रकाराची गरज होती. तिने फाडलेल्या कागदाचा अर्थ मी असा लावते, आणि त्यात तुझ्या शिक्षणाचा अपमान मला दिसत नाही.

खरोखर शिकवण्याजोग्या गोष्टीही असतील, पण त्या थोड्या असतील. उठवताना आई आजीचा उजवा, लुळा हात धरून ओढते का ते पाहा. अर्धांगवायूत तो खांदा सैल पडलेला असतो आणि ओढण्याने सांधा निखळू शकतो, दुखणे कायमचे मागे लागू शकते. भरवताना आजी पुरती बसलेली असते का, घास डाव्या, चांगल्या बाजूने जातो का, जेवणानंतर निदान अर्धा तास ती बसून राहते का, हेही पाहा. चुकत असेल तेवढेच, एका वेळी एक, आईच्या शेजारी उभी राहून आपल्या हातांनी करून दाखव. वर सरकवण्यासाठी तिच्या कमरेखाली घडी घातलेली सोलापुरी चादर ठेवून दोन्ही बाजूंनी दोघींनी उचलले, तर आईच्या पाठीवरचा भार बराच कमी होतो. चादरीची वीण मात्र जाड आणि उठावदार असते. ती त्वचेला घासू नये म्हणून वर मऊ सुती लुगडे पसरा.

ओरेम यांनी प्रत्येक माणसाच्या आठ सार्वत्रिक गरजा सांगितल्या आहेत. त्यांची यादी तुझ्या वहीत आहे, ती काढ आणि आजीऐवजी आईसमोर धर. हवा: ज्या खोलीत तंबाखू पसरलेली असते तिथेच आजीची खाट आहे का? असेल तर दोघींच्याही छातीचा प्रश्न आहे, आणि खाट वा विड्या वळायचे सूप यांपैकी एकाची जागा बदलावी लागेल. पाणी: सोलापूरच्या उन्हाळ्यात दिवसभर खोलीत कोंडून बसलेली बाई तहान लागेपर्यंत थांबते आणि तहान लागल्यावरही हातातले काम संपवते. अन्न: सगळ्यांचे आवरल्यावर तीन वाजता उभ्याने कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली, याला जेवण म्हणत नाहीत. झोपेविषयी वर लिहिलेच आहे.

त्या यादीत एक गरज अशी आहे की विद्यार्थिनी ती लिहितात आणि पुढे जातात: एकांत आणि लोकांचा सहवास यांचा तोल. इथे मला तुझ्या पत्रातले एक वाक्य फार बोलके वाटले. विड्या द्यायला भाऊ जातो, म्हणजे आईची फेरी वाचते, असे तू लिहिलेस. ती फेरी म्हणजे काय होते याचा विचार कर. घरातून बाहेर पडणे, विड्या तपासून होईपर्यंत ओळखीच्या बायकांबरोबर थांबणे, कुणाच्या मुलीचे लग्न ठरले, कुणाचा नवरा कामावर जात नाही, पुढच्या आठवड्यात पान कसे येणार, हे बोलणे, आणि आपण मिळवलेल्या पैशांचा हिशेब आपल्या हाताने घेणे. दिवसातला कदाचित तेवढाच वेळ ती कुणाची सून किंवा आई नसून कामगार आणि मैत्रीण होती. घराने तो वेळ मदत म्हणून काढून घेतला आणि खोलीतले काम मात्र तसेच ठेवले. माझा पहिला सल्ला हाच आहे: विड्या द्यायला आईला जाऊ दे आणि त्या वेळी आजीजवळ तू किंवा भाऊ बसा. उशीर झाला तर का झाला असे कुणी विचारू नका.

आणखी एक. तूट रोज सारखी नसते. आपल्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही हे तुला सांगायला नको. पाणी येते त्या दिवशी भांडी-पिंपे भरणे, आजीची साठलेली अंथरुणे धुणे आणि बाकीचे सगळे एकाच वेळी अंगावर येते. त्या दिवशी विड्या कमी होतात, म्हणजे मजुरीही बुडते. एक आठवडाभर तू स्वतः नोंद ठेव, आईला ठेवायला लावू नकोस: कोणते काम, किती वेळ, कोणी केले आणि किती विड्या कमी झाल्या. हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीच्या हिशेबाने बुडालेली रक्कम काढ. आजीच्या सेवेचा खर्च तुझी आई आपल्या मजुरीतून भरते आहे, हे त्या कागदावर वडिलांना आणि आत्याला दिसेल. भावनेच्या वादात जे पटत नाही ते आकड्यांनी पुष्कळदा पटते.

अफाफ मेलिस मूळच्या इजिप्तच्या. त्यांनी स्थित्यंतराचा सिद्धान्त मांडला: आजारपण, बाळंतपण, स्थलांतर, नवी जबाबदारी अशा वेळी माणूस एका भूमिकेतून दुसरीत जातो, आणि त्या प्रवासात त्याला तयारी, माहिती व सोबत मिळाली नाही तर तो नव्या भूमिकेत अपुरा पडतो. लग्न झाले, मूल झाले की आपल्याकडे माणसे जमतात, ओटी भरतात, अनुभवी बायका काय करावे ते सांगतात. रुग्णालयातून इंग्रजीत लिहिलेले कार्ड हातात घेऊन तुझी आई परतली त्या दिवशी तिचे आयुष्य तितकेच बदलले होते, पण ते बदलले असे कुणी म्हटलेही नाही. मेलिस यांच्या मते स्थित्यंतर नीट पार पडण्यासाठी आधी त्याची जाणीव व्हावी लागते. म्हणून तुझ्या वडिलांनी तिला एकदा तरी स्पष्ट शब्दांत म्हणावे की श्रावणापासून तुझ्यावर केवढे पडले आहे ते मला दिसते आहे. या वाक्याने काम कमी होत नाही, पण त्याशिवाय कामाच्या वाटणीची गोष्ट सुरूच होत नाही.

स्थित्यंतर आजीचेही झाले आहे. ज्या सासूच्या शब्दावर घर चालत होते तिला आता सून न्हाऊ घालते, आणि तिला स्वतःला शब्दच सापडत नाहीत. ती ताट ढकलते, हात झिडकारते, रात्री हाका मारल्यासारखे आवाज काढते. तुझी आई ओरडली ती बहुधा अशाच एखाद्या क्षणी. त्याबद्दल तिला अपराधी वाटते आहे हे मोरीतल्या रडण्यावरून कळते. तिला हे सांग: काळजीवाहकांवरचा भार मोजण्यासाठी संशोधक स्टीव्हन झरिट यांची प्रश्नावली १९८० पासून वापरात आहे, तिच्या प्रचलित रूपात बावीस प्रश्न आहेत, आणि त्यांतला एक प्रश्न असा की या माणसाच्या आसपास असताना तुम्हाला राग येतो का. ज्या रागाची तिला लाज वाटते तो इतका सामान्य आहे की जगभर तो छापील प्रश्न म्हणून विचारला जातो. मात्र ती प्रश्नावली घेऊन आईसमोर बसू नकोस. ती पुन्हा तुझी परीक्षा होईल. तिचे डोके विंचरताना किंवा पाने कापायला मदत करताना एवढेच विचार, ‘तुला सगळ्यात जड काय जातं?’ आणि उत्तर आले की लगेच उपाय सांगू नकोस. पुढच्या दिवशी त्या एका गोष्टीत मदत कर.

सिस्टर कॅलिस्टा रॉय यांच्याबद्दल थोडेच लिहिते. त्यांच्या मांडणीत माणूस चार अंगांनी जुळवून घेतो: शरीराने, स्वतःविषयीच्या कल्पनेने, भूमिकेने आणि परस्परांवरच्या अवलंबनाने. चौथे अंग आईच्या बाबतीत तपास. ती सर्वांना देते. तिला प्रेम, आदर आणि आधार कोण देते?

आता रात्रीचा प्रश्न, कारण सगळे तिथेच अडले आहे. चांगला एअर बेड आला आणि कातडी सुधारली, तर रात्री कूस बदलण्यातले अंतर थोडे वाढवता येते का हे डॉक्टरांना विचार. तो निर्णय आजीची कातडी पाहूनच होतो, स्वतःच्या मनाने करू नकोस. तोवर रात्रीची वाटणी करा. वडिलांना स्वतःच्या आईला, म्हणजे तुझ्या आजीला, आंघोळ घालायला संकोच वाटेल आणि आजीलाही वाटेल, तो मान्य करावा. पण कूस बदलणे, पाणी पाजणे, लुळ्या हातापायाचे व्यायाम देणे, सिव्हिलमध्ये फिजिओथेरपीला नेणे यांत संकोचाचे काही नाही. दिवसपाळी असेल त्या आठवड्यात झोपण्याआधीची शेवटची आणि कामावर निघण्याआधीची पहिली कूस त्यांची. मधली एक तुझी, परीक्षेचे दिवस सोडून. त्या दिवसांत भावाची. आईला सलग पाच-सहा तासांची झोप आठवड्यातून तीन रात्री जरी मिळाली, तरी तिच्या बोलण्यात फरक जाणवेल, असे माझा अनुभव सांगतो.

आत्याला दोष देऊन फार काही निघणार नाही. पुण्यातून ती कूस बदलू शकत नाही, म्हणून ती बजावते. तिच्या फोनमागे तिची असहायता आहे. तिला नेमके काम द्या. एअर बेडचे भाडे तिने द्यावे आणि दर दोन-तीन महिन्यांनी आठवडाभर येऊन आजीचे सगळे आपल्या हाती घ्यावे, त्या आठवड्यात तुझी आई माहेरी जावी. आईवडिलांच्या निर्वाहाबाबतच्या २००७ च्या कायद्यात मुलीवरही मुलाइतकीच जबाबदारी आहे. हे तुला माहीत असावे म्हणून लिहिते. बोलण्याची सुरुवात तिथून करू नकोस.

आत्या येईल तेव्हा आई घरातून निर्धास्तपणे निघू शकेल का, हा पुढचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी देऊन ठेवले आहे. त्यांच्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या पुस्तकात एक प्रकरण आहे, त्याचा विषय असा की आपण हजर असताना जे करतो ते आपण नसतानाही कसे होईल याची व्यवस्था लावणे. ते पुस्तक त्यांनी प्रामुख्याने घरात आजाऱ्याची काळजी घेणाऱ्या सामान्य स्त्रियांसाठी लिहिले होते, हे परिचर्या शिकणाऱ्या पुष्कळ मुलींना माहीत नसते. तेव्हा भिंतीवर कागद पुन्हा लावायचा असेल तर तो आईसाठी नको, आईच्या जागी येणाऱ्यासाठी असू दे, आणि तो आईने सांगावा, तू लिहावास. कोणती गोळी कधी, आजी कोणत्या खुणेने लघवी लागल्याचे सांगते, कोणती भाजी थुंकते, कोणत्या कुशीवर तिला झोप लागते. घरात जी भाषा बोलली जाते त्या भाषेत लिही, म्हणजे शेजारच्या मावशीही तासभर बसू शकतील. हा कागद तयार होताना या घरात आजीबद्दल सर्वांत जास्त कुणाला कळते, हे तुझ्या लक्षात येईल. तेव्हा तसे आईला सांग.

आईची स्वतःची तपासणी लांबवू नकोस. तीस वर्षांवरील व्यक्तींचा रक्तदाब आणि साखर सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत तपासतात. विड्या द्यायला जाईल त्याच फेरीत हे जमवता येईल. झोपायला वेळ मिळूनही तिला झोप लागत नसेल, अन्नावरची वासना उडाली असेल, कशातच मन लागत नसेल आणि हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर ते थकव्यापलीकडचे आहे. डॉक्टरांकडे घेऊन जा. ‘आता जगून काय करायचं’ अशा अर्थाचे काही बोलली तर दोन आठवडेही थांबू नकोस, तिला एकटी सोडू नकोस आणि त्याच दिवशी मदत घे. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते.

सिद्धान्त घरात पैसे आणत नाहीत आणि नळाला पाणी आणत नाहीत. हे मी शिकवत होते तेव्हाही वर्गात सांगत असे. पण कोणती अडचण माहितीने सुटेल, कोणती आणखी दोन हातांनी आणि कोणती पैशांनी, हे वेगळे काढायला ते मदत करतात. तसे वेगळे काढले नाही तर सगळा दोष शेवटी घरातल्या बाईच्या हलगर्जीपणावर जातो.

मूळ पत्राच्या शेवटी, इथे न छापलेल्या भागात, तू विचारले आहेस की घरातली ही परिस्थिती तुझ्या केस स्टडीसाठी घ्यावी का. घ्यायची असेल तर रुग्ण म्हणून आजीबरोबर आईचीही नोंद कर, ओरेम यांच्या मांडणीने तिचा वेगळा केअर प्लॅन लिही, नावे आणि पत्ता वगळ. मात्र आधी तिला विचार, लिहिलेले तिला वाचून दाखव आणि तिने एखादा मजकूर नको म्हटले तर तो काढून टाक. ती मुळातच नाही म्हणाली, तर दुसरे घर शोध.